संगणक कोलमडतो तेव्हा दोष कर्नलचा की प्रोग्रॅमचा?

१९ जुलै २०२४ रोजी जगभरातल्या विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत विंडोजचे संगणक निळी स्क्रीन दाखवून थांबले. बंद करून चालू केले तरी पुन्हा तीच निळी स्क्रीन. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे अशी सुमारे ८५ लाख यंत्रं होती. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या एक टक्क्याहूनही हा आकडा कमी, पण तेवढ्यानेच हजारो विमानं रद्द झाली आणि कित्येक ठिकाणी शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

त्या दिवशी कुणी म्हणत होतं, "विंडोज बंद पडलं." कुणी म्हणत होतं, "विंडोजचा काही संबंध नाही, एका सुरक्षा सॉफ्टवेअरने घात केला." हा वाद संगणकाइतकाच जुना आहे आणि घरच्या लॅपटॉपपर्यंत येऊन पोहोचतो: यंत्र अचानक बंद पडलं की शिव्या कुणाला घालायच्या, ऑपरेटिंग सिस्टीमला की त्या वेळी उघडलेल्या प्रोग्रॅमला?

माझं उत्तर आधीच सांगतो. साध्या प्रोग्रॅममुळे अख्खा संगणक पडत असेल, तर पडण्याचा दोष त्या प्रोग्रॅमचा नसतो. पण म्हणून तो ऑपरेटिंग सिस्टीम लिहिणाऱ्यांचाच असतो असंही नाही. बहुतेक वेळा गुन्हेगार तिसराच असतो आणि या वादात त्याचं नावही निघत नाही.

## "बंद पडलं" म्हणजे नेमकं काय झालं?

एखादं अ‍ॅप आपोआप मिटतं आणि बाकी सगळं सुरळीत चालू राहतं. हा त्या अ‍ॅपचा क्रॅश, आणि दोष जवळजवळ नेहमी त्याचाच.

दुसऱ्या प्रकारात संगणक हँग होतो. माउस हलत नाही किंवा अडखळत हलतो, पंखा जोरात फिरतो, थोड्या वेळाने कदाचित सगळं पूर्ववत होतंही. याकडे पुढे येऊ.

तिसऱ्या प्रकारात संपूर्ण यंत्रच थांबतं किंवा स्वतःहून रीस्टार्ट होतं. विंडोजवर निळी स्क्रीन येते (२०२५ पासून विंडोज ११ मध्ये ती काळी झाली आहे), लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर 'कर्नल पॅनिक' असा संदेश दिसतो. खरा वाद या प्रकाराबद्दलचा आहे.

## कर्नल आणि खिडकीपलीकडची तिजोरी

ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा मेमरी, प्रोसेसर, डिस्क आणि नेटवर्क सगळ्यांना वाटून देतो, त्याला कर्नल म्हणतात. ब्राउझर, गेम, टायपिंगचं सॉफ्टवेअर हे सगळे साधे प्रोग्रॅम त्याच्या बाहेर चालतात.

एखादी बँक डोळ्यांसमोर आणा. ग्राहक खिडकीसमोर उभा राहतो, स्लिप भरतो आणि आत सरकवतो. कर्मचारी स्लिप तपासतो, खातं पाहतो आणि मगच तिजोरीला हात लावतो. ग्राहकाने स्लिपवर काहीही खरडलं तरी फार तर ती परत येते. तिजोरीच्या खोलीत त्याचं पाऊलच पडू शकत नाही. साधा प्रोग्रॅम म्हणजे हा ग्राहक आणि कर्नल म्हणजे खिडकीपलीकडचा कर्मचारी. फाइल उघडायची असो की स्क्रीनवर अक्षर उमटवायचं असो, प्रोग्रॅमला अशी स्लिपच भरावी लागते. तिला 'सिस्टीम कॉल' म्हणतात.

ही खिडकी नुसत्या शिस्तीची नाही, ती प्रोसेसरमध्येच बसवलेली आहे. प्रोसेसर दोन अवस्थांत काम करतो: मर्यादित अधिकारांच्या आणि पूर्ण अधिकारांच्या. साधा प्रोग्रॅम चालू असताना तो मर्यादित अवस्थेत असतो. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमला मेमरीचे जे पत्ते दिसतात ते खरे नसतात. खरे पत्ते कोणते, याचा तक्ता कर्नलकडे असतो आणि प्रोसेसरमधला एक भाग प्रत्येक वाचन-लेखनाच्या वेळी तो तक्ता पाहतो. त्यामुळे ब्राउझरला गेमच्या मेमरीत डोकावायचं असलं, तरी तिथे पोहोचणारा पत्ताच त्याच्याकडे नसतो. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ही तक्त्यांची सोय १९८५ च्या ८०३८६ पासून आहे.

आता प्रोग्रॅममध्ये चूक आहे आणि तो नसलेल्या पत्त्यावर लिहू पाहतो असं समजा. प्रोसेसर तिथेच अडतो आणि कर्नलला हाक मारतो. कर्नल पाहतो, हा पत्ता याचा नाही, आणि तो प्रोग्रॅम बंद करतो. लिनक्सवर काम करणाऱ्यांना 'सेगमेंटेशन फॉल्ट' हे शब्द तोंडपाठ असतात, ते याचेच. तुमचं अ‍ॅप अचानक मिटलं आणि संगणक चालू राहिला, तर कर्नलने आपलं काम चोख केलं आहे.

## मग पूर्वी एक प्रोग्रॅम सगळं कसं पाडायचा?

कारण तेव्हा खिडकी नव्हती, किंवा अर्धवट होती. विंडोजच्या आधीच्या एमएस-डॉस या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये कोणताही प्रोग्रॅम मेमरीत कुठेही लिहू शकत असे. ॲपलच्या जुन्या मॅक ओएसमध्येही प्रोग्रॅमांमध्ये अशा भिंती नव्हत्या. त्या आल्या २००१ च्या मॅक ओएस टेनपासून. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये भिंती होत्या, पण जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून मेमरीचे काही महत्त्वाचे भाग सगळ्यांसाठी उघडे ठेवले होते. विंडोज एनटी १९९३ मध्ये पक्क्या भिंती घेऊन आलं, तरी घराघरांत ती रचना पोहोचली २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर.

आज चाळिशीत असलेल्यांच्या मनात "विंडोज म्हणजे सारखं हँग" हे त्याच काळात ठसलं. त्या काळापुरतं ते खरं होतं, आणि दोषही प्रोग्रॅमइतकाच त्याला मोकाट सोडणाऱ्या रचनेचा होता.

## कर्नल स्वतःहून थांबतो

निळी स्क्रीन म्हणजे संगणक कसाबसा, नियंत्रण सुटून पडला असं वाटतं. प्रत्यक्षात तो बहुतेक वेळा विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो.

बँकेतल्या वहीतली एक नोंद कुणीतरी बदललेली आढळली, पण कुणी आणि आणखी काय बदललं ते कळायला मार्ग नाही. अशा वेळी व्यवहार चालू ठेवले तर प्रत्येक नव्या नोंदीबरोबर गोंधळ वाढत जाईल. शहाणा व्यवस्थापक खिडक्या बंद करतो. कर्नलही तेच करतो. पूर्ण अधिकारांच्या अवस्थेत काही विपरीत घडलं, तर त्याच्या स्वतःच्या मेमरीवर त्याला भरवसा ठेवता येत नाही. डिस्कवर चुकीची माहिती लिहून तुमच्या फायली नासवण्यापेक्षा तो जमेल तेवढी नोंद ठेवतो आणि थांबतो. लिनक्समध्ये याच्या दोन पायऱ्या आहेत: नुकसान एका कामापुरतं वाटलं तर 'ऊप्स' म्हणून नोंद करून तो पुढे चालण्याचा प्रयत्न करतो, सावरता येण्यासारखं नसेल तर 'पॅनिक'.

म्हणून थांबवणारा कर्नल असला, तरी बिघडवणारा तोच असेल असं नाही. तपास इथून पुढे सुरू होतो.

## तिसरा गुन्हेगार: ड्रायव्हर

प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड, वाय-फाय अशी शेकडो कंपन्यांची उपकरणं संगणकाला जोडली जातात. प्रत्येकाशी बोलायची रीत वेगळी. ती कर्नलला शिकवणारा जो छोटा प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. तो बहुतेक वेळा उपकरणाची कंपनी लिहिते, पण चालतो मात्र कर्नलच्या आत, पूर्ण अधिकारांनिशी. बँकेच्या भाषेत, हा बाहेरून आलेला कंत्राटदार आहे आणि त्याच्या हातात तिजोरीच्या खोलीची किल्ली आहे. ग्राहकाची चूक खिडकीपाशी अडते. कंत्राटदाराची चूक अडवायला मध्ये काहीच नाही.

याचे पुरावे जुने आणि भक्कम आहेत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ मध्ये लिनक्स कर्नलच्या कोडची यांत्रिक तपासणी केली. ड्रायव्हरमधल्या चुकांचं प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तिप्पट ते सातपट निघालं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे होते. आकडे जुने आहेत, पण त्यामागची कारणं अजून तशीच आहेत. लिनक्स कर्नलचा अर्ध्याहून अधिक कोड आजही ड्रायव्हरचाच आहे. गाभ्याचा कोड प्रत्येक यंत्रावर रोज तावून सुलाखून निघतो. एखाद्या विशिष्ट कार्डाचा ड्रायव्हर मात्र मोजक्याच लोकांकडे चालतो आणि त्यातली चूक वर्षानुवर्षं लपून राहते.

२०२४ ची घटना या चौकटीत नीट बसते. क्राउडस्ट्राइक कंपनीचं 'फाल्कन' हे सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलच्या आत ड्रायव्हर म्हणून चालत होतं. हल्ले ओळखण्याचे नवे नियम त्याला छोट्या फायलींतून पाठवले जात. त्या दिवशी आलेल्या फाइलमधला नियम एकविसावं मूल्य तपासायला सांगत होता, पण ड्रायव्हरला प्रत्यक्षात वीसच मूल्यं मिळत होती. एकविसावं शोधताना ड्रायव्हर आपल्या हद्दीबाहेरची मेमरी वाचायला गेला. हीच चूक साध्या प्रोग्रॅमने केली असती तर तो प्रोग्रॅम मिटला असता आणि कुणाला पत्ताही लागला नसता. ती कर्नलच्या आत झाली म्हणून यंत्र थांबलं. ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच जागा होत असल्याने प्रत्येक रीस्टार्टनंतर तेच घडत राहिलं. कंपनीने सदोष फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली, पण अडकलेल्या यंत्रांना त्याचा उपयोग नव्हता. माणसांना एकेका यंत्रापाशी जाऊन ती फाइल हाताने काढावी लागली.

मला यात सर्वांत गंभीर वाटते ती वेगळीच बाब. मूळ ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टच्या चाचणीतून गेला होता, मात्र नियमांची फाइल 'कोड' नसल्याने त्या चाचणीच्या कक्षेतच येत नव्हती. किल्ली तपासून दिली. किल्लीवाल्याला रोज बाहेरून येणाऱ्या सूचना मात्र कुणी तपासत नव्हतं. ती फाइल सगळ्यांना एकदम न पाठवता टप्प्याटप्प्याने पाठवली असती तर पहिल्या काही यंत्रांवरच ही चूक उघडी पडली असती. हा दोष संपूर्णपणे सुरक्षा कंपनीचा आहे, आणि अशा कोडला कर्नलमध्ये राहावं लागतं ही रचना मायक्रोसॉफ्टची आहे. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

## "पण तो गेम उघडला की हमखास बंद पडतो!"

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि त्यात तथ्यही आहे. गेम उघडल्यावरच यंत्र पडत असेल तर दोघांचा संबंध असतोच. पण निमित्त होणं वेगळं आणि कारण असणं वेगळं. गेमने ग्राफिक्स कार्डाकडे एक अवघड पण वैध मागणी केली आणि ड्रायव्हर त्यात चुकला, तर गेम निमित्त आणि ड्रायव्हर कारण. मागणी अवैध असती तरी फरक पडत नाही. चुकीची स्लिप नाकारणं हे खिडकीपलीकडच्याचंच काम आहे.

विंडोज एनटी आणि विंडोज २००० मध्ये काळ्या कमांड-खिडकीत टॅब आणि बॅकस्पेस ही अक्षरं एका ठरावीक क्रमाने छापली, की अख्खं यंत्र पडायचं. छापणाऱ्या प्रोग्रॅमने काही नियम मोडला होता का? अजिबात नाही. ती अक्षरं दाखवणाऱ्या विंडोजच्या स्वतःच्या सेवेत चूक होती. विशेष म्हणजे ती सेवा कर्नलच्या बाहेर चालत होती, पण ती बंद पडली तर विंडोज पुढे चालू शकत नाही. लिनक्समध्येही सर्वांत आधी सुरू होणारा प्रोग्रॅम संपला तर कर्नल पॅनिक करतो. म्हणजे 'कर्नलच्या बाहेरचं' सगळंच साधं नसतं. त्यातले काही प्रोग्रॅम यंत्रणेचेच अवयव असतात.

कधीकधी खिडकीची काचच सदोष निघते. १९९७ मध्ये उघडकीला आलं की इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरला चार बाइटांची एक विशिष्ट सूचना दिली की तो जागच्या जागी गोठतो, आणि ही सूचना कोणताही साधा प्रोग्रॅम देऊ शकत होता. दोष ना प्रोग्रॅमचा ना कर्नलचा, तो सिलिकॉनमध्ये होता. तरी कर्नल लिहिणाऱ्यांनी तो टाळण्याची युक्ती शोधली आणि आपल्या ग्राहकांना वाचवलं.

ताजं उदाहरण इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरांचं. त्यांवर काही गेम "आउट ऑफ व्हिडिओ मेमरी" असा संदेश देऊन मिटत. साहजिकच संशय आधी गेमवर आणि ग्राफिक्स ड्रायव्हरवर गेला. मेमरी मात्र भरपूर शिल्लक होती. प्रोसेसर स्वतःसाठी गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्यामुळे हळूहळू कमकुवत होत चालला होता. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यावर दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली.

रॅमची पट्टीही अशीच. गूगलच्या सर्व्हरांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक पट्ट्यांमध्ये किमान एक चूक आढळली होती. एक बिट उलटला आणि तो कर्नलच्या तक्त्यातला असला, तर निर्दोष कोडही कोसळेल.

## "आणि मेमरी खाऊन टाकणारा प्रोग्रॅम?"

साधा प्रोग्रॅम कोणतंही कुंपण न ओलांडता यंत्र अडवू शकतो. तो मेमरी मागतच राहतो किंवा स्वतःच्या हजारो प्रती सुरू करतो. हा दुसऱ्या प्रकारचा, हँग होण्याचा बिघाड. इथे प्रोग्रॅमचा दोष मी मोठा मानतो. तरी वाटप करणारा कर्नलच आहे, त्यामुळे मर्यादा घालणं त्याच्याच हातात असतं. लिनक्समध्ये मेमरी संपत आली की कर्नल एखादा मोठा प्रोग्रॅम निवडून बंद करतो, आणि २००८ पासून प्रोग्रॅमांच्या गटाला ठरावीक वाटा नेमून देण्याची सोयही आहे. घरच्या संगणकांवर ही मर्यादा बहुधा सढळ ठेवलेली असते, कारण कडक मर्यादांनी रोजचं कामच अडेल.

## "मग ड्रायव्हर बाहेरच का ठेवत नाहीत?"

हा प्रश्न जाणकारांनाही अनेक दशकं छळतो आहे. १९९२ मध्ये प्राध्यापक अँड्र्यू टॅननबॉम आणि लिनक्सचे तरुण निर्माते लिनस टॉरव्हाल्ड्स यांच्यात यावरून जाहीर खडाजंगी झाली. टॅननबॉम यांचं म्हणणं, कर्नल अगदी छोटा ठेवा आणि ड्रायव्हर वगैरे बाहेर चालवा; अशा रचनेला मायक्रोकर्नल म्हणतात. त्यांच्या मिनिक्स ३ या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये ड्रायव्हर पडला तर त्याला पुन्हा उभं करणारी सेवाच आहे. टॉरव्हाल्ड्स यांनी सगळं एकत्र ठेवण्याची बाजू घेतली आणि बाजारात तीच पुढे गेली.

कारण मुख्यतः वेग. प्रत्येक कामासाठी खिडकीपाशी जाऊन स्लिप भरायची तर वेळ जातो. मायक्रोसॉफ्टने १९९६ च्या विंडोज एनटी ४ मध्ये ग्राफिक्सचा मोठा भाग वेगासाठीच कर्नलच्या आत नेला, म्हणजे स्थैर्याची थोडी किंमत मोजून चपळाई घेतली. मायक्रोकर्नल हे स्वप्नच राहिलं असं नाही. क्यूएनएक्स ही अशा रचनेची ऑपरेटिंग सिस्टीम अनेक वर्षं मोटारी आणि औद्योगिक यंत्रांत चालते आहे. एसईएलफोर या छोट्या कर्नलचा कोड आपल्या ठरलेल्या वर्तनाशी जुळतो हे २००९ मध्ये गणिताने सिद्धही झालं.

मोठ्या कंपन्या त्याच दिशेने हळूहळू सरकत आहेत. विंडोज व्हिस्टापासून ग्राफिक्स ड्रायव्हरचा मोठा भाग बाहेर आला, आणि कार्ड सुमारे दोन सेकंद गप्प राहिलं तर विंडोज ते नव्याने सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते तेव्हा पूर्वी जिथे निळी स्क्रीन आली असती तो प्रसंग टळलेला असतो. ॲपलने २०१९ च्या मॅक ओएस कॅटालिनापासून बाहेरच्यांना कर्नलबाहेरची जागा देऊ केली आणि आतली दारं बंद करायला घेतली. २०२४ च्या घटनेनंतर मायक्रोसॉफ्टनेही सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याचा मार्ग तयार करत असल्याचं जाहीर केलं. ८५ लाख यंत्रं बंद पडण्याआधी हे व्हायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

## तुमच्या यंत्रावर दोषी कोण, हे कसं शोधाल?

निळ्या किंवा काळ्या स्क्रीनवरच्या संकेताचा फोटो काढा. तिथे 'डॉट एसवायएस'ने संपणारं फाइलचं नाव असेल तर तो बहुधा ड्रायव्हर असतो. नावावरून कंपनी शोधता येते. पण ते नाव अंतिम निकाल नव्हे. एका ड्रायव्हरने नासवलेली मेमरी दुसऱ्याच्या हाती लागली की नाव दुसऱ्याचं येतं. तिथे खुद्द विंडोजच्या कर्नलचं, 'एनटीओएसकर्नल'चं नाव दिसलं तरी लगेच त्याला दोषी धरू नका. नुकसान तिथे सापडलं एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

विंडोजच्या नोंदवहीत 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद पाहून पुष्कळ जण कर्नल बिघडला असं समजतात. मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं, इतकंच ती सांगते. वीज गेली तरी ती येते.

लिनक्सवर आधीच्या वेळची कर्नलची नोंद 'जर्नलसीटीएल' या आज्ञेने पाहता येते. तिथे 'टेंटेड' हा शब्द दिसला, तर कर्नलमध्ये बाहेरचा, बंदिस्त किंवा प्रमाणित नसलेला कोड शिरलेला असू शकतो. लिनक्सचे विकासक अशा वेळी आधी तो काढून पुन्हा पाहायला सांगतात.

बिघाड सुरू होण्याच्या सुमारास कोणता ड्रायव्हर, कोणतं सुरक्षा सॉफ्टवेअर किंवा कोणतं नवं उपकरण आलं, ते तारखेनुसार ताडून पाहा आणि शक्य असेल तर आधीच्या आवृत्तीवर जा. दर वेळी वेगळा संकेत आणि वेगळं नाव येत असेल तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी रॅमची चाचणी रात्रभर लावा. विंडोजमध्ये त्यासाठी साधन आहेच, आणि मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमशिवाय पेनड्राइव्हवरून चालतं.